सीओटू फुटतो, पण आधी प्लग किती अँपिअरचा आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कारखान्याच्या डिस्टिलरीत रोज ६० हजार लिटर स्पिरिट निघतं आणि फर्मेंटरचा (मळी आंबवायच्या टाकीचा) कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू, नुसता हवेत जातो. एक पार्टी म्हणते, आमचं यंत्र बसवा. त्यात खास कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया सोपी करणारा पदार्थ) आहे, सीओटू आत गेला की एकीकडून ऑक्सिजन आणि दुसरीकडून कार्बनची पूड बाहेर पडते. ऑक्सिजन दवाखान्यांना विका, पूड टायरवाल्यांना. झाडं हेच काम फुकटात करतात, मग यंत्राला का जमू नये? घ्यावं का?

माझी नोकरी सगळी सीओटूच्या प्लांटवर झाली. मळीच्या फर्मेंटरवरून गॅस ओढायचा, धुवायचा, दाबायचा, गार करून टँकरमध्ये भरायचा. फोडण्याचा धंदा मी कधी केला नाही. मात्र 'आम्ही फोडतो' म्हणणारे बरेच जण पाहिले, त्यातल्या एकाची गोष्ट पुढे सांगतो.

सीओटू फुटतो, यात वादच नाही. १७९१ साली स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने संगमरवराची पूड आणि फॉस्फरस बंद काचनळीत तापवून लाल केले. संगमरवरात अडकलेला सीओटू, त्या काळच्या भाषेत 'फिक्स्ड एअर', फॉस्फरसने फोडला आणि नळीत काळी कोळशाची पूड उरली. कोळसा जाळला की हा वायू होतो हे तोवर लव्हाजिएने दाखवलेलं होतं. टेनंटने तीच गाडी उलटी चालवून दाखवली. म्हणजे 'फुटतो का' हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला. तेव्हापासून आजपर्यंत अडलंय ते एकाच जागी: फोडायला लागणारी ऊर्जा कुठून आणायची?

सीओटू ही राख आहे, हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. चुलीतली राख खाली पडते म्हणून तिला राख म्हणतो आणि ही धुराड्यातून उडून जाते म्हणून तिला गॅस म्हणतो, एवढाच फरक. कोळसा जळताना १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो, ४४ ग्रॅम सीओटू होतो आणि ३९३.५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. आता त्या ४४ ग्रॅमचे परत १२ आणि ३२ करायचे, तर ते ३९३.५ किलोज्यूल जसेच्या तसे परत भरावे लागतात. त्यात सूट मिळत नाही. किलोचा हिशोब केला तर किलोमागे जवळजवळ अडीच युनिट वीज आणि टनामागे सुमारे २,४८० युनिट. हा झाला कमीत कमी आकडा, म्हणजे यंत्रात एक कॅलरीही वाया जात नाही असं धरून. असं यंत्र मी आजवर पाहिलेलं नाही.

हे ३९३ येतात कुठून, तेही बघण्यासारखं आहे. सीओटूच्या रेणूत कार्बनच्या दोन्ही बाजूंना ऑक्सिजन धरून बसलेला असतो. ४४ ग्रॅममधला पहिला ऑक्सिजन तोडायला ५३२ किलोज्यूल लागतात. मग उरतो कार्बन मोनॉक्साइड. त्यातला बंध दोन अणूंच्या रेणूंमधला सगळ्यात चिवट, तो तोडायला आणखी १,०७६. एकूण झाले १,६०८. सुटे झालेले ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना धरतात तेव्हा ४९८ परत मिळतात आणि सुटा कार्बन घट्ट होऊन कोळसा बनतो तेव्हा ७१७. वजाबाकी करा, ३९३ उरतात.

व्यवहारातली गोम या वजाबाकीतच आहे. खर्च आधी करावा लागतो आणि परतावा नंतर मिळतो. कार्बनला घट्ट व्हायला जागा मिळाली नाही तर ते ७१७ मिळतच नाहीत. म्हणून बहुतेक पद्धती पहिल्या टप्प्यावरच, कार्बन मोनॉक्साइडवरच थांबतात. 'आम्ही सीओटू फोडतो' असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा विचारतो, कुठपर्यंत? मोनॉक्साइडपर्यंत फोडत असाल तर तुमच्या पाइपात विषारी वायू आहे, आणि त्याचा डिटेक्टर कुठे बसवलाय?

आता कॅटॅलिस्ट. या शब्दाने भलेभले गार पडतात. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा लागतो. त्याने घाटाचा चढ आणि वळणं वाचतात, वेळ वाचतो. पण बोगद्याच्या एका तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि दुसऱ्या तोंडाची उंची बोगदा काढल्याने बदलली का? कॅटॅलिस्ट म्हणजे हा बोगदा. मधला डोंगर तो टाळतो. पण तुमचा मुक्काम सुरुवातीच्या गावापेक्षा ३९३ पायऱ्या वर असेल, तर त्या चढाव्याच लागतात. 'आमच्या कॅटॅलिस्टमुळे वीज लागत नाही' असं जो म्हणतो तो बोगदा काढून महाबळेश्वर खाली आणल्याचं सांगतोय.

तुमच्या डिस्टिलरीचा हिशोब करू. साखरेच्या एका रेणूतून अल्कोहोलचे दोन आणि सीओटूचे दोन रेणू निघतात. वजनात मांडलं तर लिटरभर अल्कोहोलमागे पाऊण किलो सीओटू. म्हणजे ६० हजार लिटरमागे रोज ४५ टन. तो सगळा फोडायचा तर कमीत कमी १ लाख ११ हजार युनिट रोज लागणार, म्हणजे साडेचार मेगावॅटहून जास्त वीज, दिवसरात्र, अखंड. प्रत्यक्षात निम्मी कार्यक्षमता मिळाली तरी यंत्र उत्तम म्हणायचं, तेव्हा नऊ मेगावॅट धरा. को-जनवर, म्हणजे कारखान्याच्या बगॅसवरच्या वीज प्रकल्पावर, एवढी वीज निघेलही, पण ती तुम्ही ग्रिडला विकताय, त्यावर उसाची बिलं निघतायत.

पैशाचं बघू. वीज आठ रुपयांनी धरली आणि टनाला पाच हजार युनिट लागले, तर एक टन सीओटू फोडायला ४० हजार रुपयांची वीज लागली. हाती येतो २७३ किलो कार्बन आणि ७२७ किलो ऑक्सिजन. पार्टीच्या कागदावर कार्बनचा भाव टायरच्या कार्बन ब्लॅकचा, म्हणजे रबरात घालायच्या खास काजळीचा, लावलेला असणार, म्हणून कागदावर ते जमतं. टायरवाले कार्बन ब्लॅक ग्रेडवर घेतात: कणांचा आकार, पृष्ठभाग, एकमेकांत गुंफलेली रचना. एन-३३० म्हटलं की एन-३३०च लागतो, आणि नवा माल मंजूर करून घ्यायचा तर त्यांच्या प्रयोगशाळेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ग्रेड नसलेली काळी पूड म्हणजे चांगला कोळसा, भावही कोळशाचाच. ऑक्सिजनसाठी तर सीओटू फोडायची गरजच नाही. हवेत तो २१ टक्के मोकळाच आहे, कुणाला चिकटलेला नाही. कोविडच्या लाटेत जिल्ह्याजिल्ह्याच्या दवाखान्यांत पीएसए प्लांट बसले, ते झिओलाइटच्या दाण्यांनी हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. रेणू फोडण्याचा त्यात संबंधच नाही. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

पर्यावरणासाठी म्हणून करायचं म्हटलं तर गणित आणखी वाईट दिसतं. आपल्या ग्रिडवर एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलो सीओटू बाहेर पडतो. पाच हजार युनिट वापरले की साडेतीन टन. एक टन फोडायला साडेतीन टन सोडले! 'आम्ही सोलरवर चालवू' हे पुढचं उत्तर ठरलेलं. चालवा की. पण तेच पाच हजार युनिट ग्रिडला दिलेत तर तेवढा कोळसा जळायचा वाचेल आणि साडेतीन टन सीओटू जन्मालाच येणार नाही. जळून झालेली राख निस्तरण्यापेक्षा आधी चूल बंद करणं स्वस्त पडतं. कोळशावरची सगळी केंद्रं बंद होऊनही सोलरची वीज उरायला लागली, तर मी माझं मत बदलीन.

झाडांचं काय? आपल्याला शाळेत शिकवलेलं चित्र असं की झाड सीओटू घेतं, कार्बन ठेवतं आणि ऑक्सिजन सोडतं. हे चित्र चुकीचं आहे. झाड जो ऑक्सिजन सोडतं तो सीओटूतला नसतोच, पाण्यातला असतो. १९४१ साली बर्कलीत सॅम रूबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवाळाला जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, घातलेलं पाणी दिलं. बाहेर आलेल्या वायूत तो जड ऑक्सिजन पाण्यातल्या प्रमाणातच सापडला. त्याच्या आधी रॉबिन हिलने केंब्रिजमध्ये दाखवलं होतं की पानातून काढलेल्या हरितलवकांना सीओटू न देता दुसरा एखादा इलेक्ट्रॉन घेणारा पदार्थ दिला, तरी ती उजेडात ऑक्सिजन सोडतात.

म्हणजे झाड सीओटू फोडण्याच्या भानगडीत पडतच नाही. ते उजेडाच्या जोरावर पाणी फोडतं आणि त्यातून मिळालेला हायड्रोजन सीओटूवर चढवून साखर करतं. १,०७६ चा तो चिवट बंध तोडत बसत नाही. आणि फुकटात तर अजिबात करत नाही. शेतातलं पीक अंगावर पडलेल्या उन्हातली वर्षाकाठी एकदोन टक्के ऊर्जाच साठवतं, बाकीचं ऊन वाया जातं. त्याला ते परवडतं, कारण उन्हाचं बिल येत नाही आणि जमीन, पाणी, खत याचा खर्च शेतकरी भरतो. फर्मेंटरच्या तोंडातून बाहेर पडतोय तो सीओटू वर्षभरापूर्वी उसाने हवेतूनच घेतला होता. त्यामुळे तुमचा गॅस कोळशाच्या धुराएवढा दोषीही नाही.

डोळ्यांनी बघायचं असेल तर एक प्रयोग सांगतो. कॉलेजची मुलं प्लांट बघायला आली की मी तो करून दाखवायचो. ड्राय आइसच्या, म्हणजे गोठवलेल्या सीओटूच्या, दोन लाद्या घ्यायच्या, प्रत्येकी विटेएवढ्या. एकीत चमच्याने वाटीएवढा खळगा करायचा. त्यात मूठभर मॅग्नेशियमचा कीस टाकायचा, फितीने पेटवायचा आणि लगेच दुसरी लादी झाकणासारखी वर ठेवायची. आग विझेल असं सगळ्यांना वाटतं, कारण चहूबाजूंनी उणे ७८ अंशांचा सीओटू आहे आणि सीओटूने आग विझते हे पाठ असतं. होतं उलटंच. दोन्ही लाद्या आतून उजळतात. आकाशकंदील लावल्यासारखा पांढरा लख्ख उजेड त्या बर्फातून बाहेर येतो आणि फटीतून धूर निघतो. मॅग्नेशियम हवेतला ऑक्सिजन घेत नसतं, सीओटूच्या अंगावरचा ओढून काढत असतं. थंड झाल्यावर झाकण काढा. पांढऱ्या भुकटीत काळे ठिपके दिसतात. ती भुकटी सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये टाकली की पांढरा मॅग्नेशियम ऑक्साइड विरघळतो आणि फिल्टर पेपरवर काळा कार्बन उरतो. बोटाला लावून बघा, काजळासारखा लागतो. तो काही क्षणांपूर्वी गॅस होता.

ड्राय आइस उघड्या हाताने धरू नका, पेटलेल्या मॅग्नेशियमकडे टक लावून बघू नका आणि बंद खोलीत हे करू नका. ज्या कारखान्यात मॅग्नेशियम किंवा सोडियम हाताळतात तिथे सीओटूचं फायर एक्स्टिंग्विशर त्या आगीवर चालत नाही, ते याच कारणाने.

हा प्रयोग धंद्यात का चालत नाही? ४४ ग्रॅम सीओटू फोडायला ४८ ग्रॅमहून थोडं जास्त मॅग्नेशियम लागतं, आणि ते मॅग्नेशियम खनिजातून काढताना जेवढा सीओटू हवेत जातो तेवढा हा प्रयोग फोडतही नाही. ऊर्जा मॅग्नेशियमच्या भट्टीत आधीच भरून झालेली असते, लादीखाली फक्त ती वसूल होते.

नुसत्या उष्णतेने फोडायचं म्हटलं तर २,००० केल्विनला, म्हणजे लोखंड कधीच वितळून गेलेलं असतं तेव्हा, जेमतेम दीड टक्का सीओटू फुटतो. तोही मोनॉक्साइडपर्यंतच. ३,००० केल्विनला साधारण ४४ टक्के. आणि गार व्हायला लागला की परत जुळतो. प्लाझ्मावाले (विजेने गॅस अतितप्त करून फोडणारे) गॅस झटकन गार करून हे जुळणं थांबवायला बघतात, त्यात खरं संशोधन चालू आहे, पण तुमच्या डिस्टिलरीच्या आवारात ठेवायची ती वस्तू नव्हे. २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत अतिनील लेसरने सीओटूतून थेट कार्बन आणि ऑक्सिजनचा रेणू निघतो हे दिसलं. आधी तसं होत असेल असं सहसा धरत नव्हते. शास्त्र म्हणून सुंदर, उत्पादन म्हणून काही नाही.

खऱ्या अर्थाने सीओटूतून ऑक्सिजन काढून दाखवला तो मंगळावर. नासाचं पर्सिव्हिअरन्स रोव्हर २०२१ च्या फेब्रुवारीत जेझेरो विवरात उतरलं, त्याच्या पोटात मॉक्सी नावाची पेटी होती. मंगळाची हवा ९५ टक्के सीओटू, पण फार विरळ. पेटी ती हवा ओढून दाबायची, ८०० अंश सेल्सिअसला तापवायची आणि सिरॅमिकच्या पातळ चकत्यांवरून सोडायची. विजेच्या जोरावर ऑक्सिजन चकतीतून पलीकडे जायचा आणि कार्बन मोनॉक्साइड अलीकडे राहायचा. २० एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा ती चालली, तासाभरात सुमारे ५.४ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला. ऑगस्ट २०२३ पर्यंत १६ वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम. सगळ्यात चांगल्या वेळी तासाला १२ ग्रॅम, शुद्धता ९८ टक्के किंवा वर.

प्लांटवाल्याच्या नजरेने यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे वीज. मोनॉक्साइडपर्यंतच फोडायचं असल्याने १० ग्रॅम ऑक्सिजनला कागदावर ५० वॅट-तासही लागत नाहीत. मॉक्सीला साधारण ३०० वॅट लागायचे. उरलेली वीज हवा दाबण्यात आणि पेटी तापवून ठेवण्यात जायची. अमुक पद्धत सैद्धांतिकदृष्ट्या एवढीच ऊर्जा घेते, असं ब्रोशरमध्ये वाचलं की मला ही पेटी आठवते.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. त्या इंजिनिअरांना कार्बन नकोच होता, कार्बनचीच भीती होती. व्होल्टेज जरा चढलं की मोनॉक्साइडही फुटायला लागतो आणि काजळी इलेक्ट्रोडच्या सूक्ष्म छिद्रांत बसते. एकदा बसली की चकती गेली, आणि मंगळावर मेकॅनिक कुठून आणणार? 'खास कॅटॅलिस्टवर कार्बनची पूड तयार होते' हे वाक्य ज्याने कधी कॅटॅलिस्ट बेड उघडून बघितलाय त्याला खटकतं ते यामुळेच. कार्बन पडतो तो कॅटॅलिस्टवरच पडतो आणि त्यालाच गाडून टाकतो. सीओटू आणि हायड्रोजन तापलेल्या लोखंडावरून नेऊन कार्बन आणि पाणी करायची बॉशची जुनी प्रक्रिया आहे. अंतराळयानासाठी तिच्यावर पुष्कळ काम झालं. अडचण तीच, लोखंड काजळीखाली बुजतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात शेवटी साबातिएची प्रक्रिया बसवली, ती सीओटूपासून मिथेन आणि पाणी करते. मिथेन बाहेर सोडून देतात आणि पाण्यातून वीज सोडून ऑक्सिजन काढतात. इथेही झाडाचीच युक्ती: ऑक्सिजन हवा तर पाणी फोडा.

मंगळावर हे परवडतं, कारण तिथे पर्याय पृथ्वीवरून ऑक्सिजन नेण्याचा आहे. नासाच्या अंदाजाने चार माणसांना मंगळावरून वर उडायला २५ टन ऑक्सिजन लागेल. तो इथून वाहून न्यायच्या खर्चापुढे तिथलं वीजबिल किरकोळच.

कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही सुटे मिळतात अशी पद्धत मला एकच पटते, ती म्हणजे वितळलेल्या कार्बोनेटचं इलेक्ट्रॉलिसिस. लिथियम कार्बोनेट ७२३ अंशांना वितळतं. त्यात दोन इलेक्ट्रोड सोडून वीज दिली की कॅथोडवर कार्बन चढतो, अॅनोडवर ऑक्सिजन सुटतो आणि मागे उरलेला लिथियम ऑक्साइड हवेतला किंवा धुरातला सीओटू ओढून परत कार्बोनेट होतो. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात स्टुअर्ट लिश्ट यांच्या गटाने २०१५ मध्ये याच रीतीने कार्बनचे नॅनोफायबर, म्हणजे अतिसूक्ष्म तंतू, काढून दाखवले. इथे कार्बन इलेक्ट्रोडवर बसतो, पण तो बसावा म्हणूनच इलेक्ट्रोड ठेवलेला असतो. काढायचा, खरवडायचा, परत सोडायचा. आकडे बघा: एक किलो कार्बनला ८,९३० अँपिअर-तास लागतात, त्यात घासाघीस नाही, फॅराडेचा नियम आहे. व्होल्टेज १ असलं तर ९ युनिट, २ असलं तर १८ युनिट. वितळलेलं कार्बोनेट भांडी खातं, कार्बनला चिकटून लिथियम बाहेर जातं, ते धुऊन परत मिळवावं लागतं. नॅनोफायबरला चढा भाव मिळाला तरच हे चालेल आणि तो भाव मोठ्या मालाला टिकत नाही.

मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात २०१९ मध्ये पातळ गॅलियमच्या मिश्रधातूत सिरियम मिसळून, वीज लावून, साध्या तापमानाला सीओटूचा घन कार्बन केला. धातू पातळ असल्याने काजळी चिकटत नाही, सायीसारखी सुटते. कल्पना अफलातून आहे. ३९३ मात्र तिथेही भरावे लागतात.

आता त्या गोष्टीकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असंच एक यंत्र डेमोला आलं होतं. फ्रिजएवढी पेटी, चाकांवर. पुढे दोन नळ्या, एकीवर ऑक्सिजन मीटर, दुसरीखाली काचेची बरणी. सीओटूचा सिलिंडर आमचाच जोडला. दहा मिनिटांत मीटरवर ९१ टक्के ऑक्सिजन! साहेब लोकांचे चेहरे खुलले. मी सिलिंडर काट्यावर ठेवायला सांगितला. तीन तासांत दहा किलो गॅस गेला. म्हणजे बरणीत २ किलो ७०० ग्रॅम कार्बन पाहिजे. बरणीत होती चमचाभर पूड, भिंगाखाली दाणेदार, अॅक्टिव्हेटेड कार्बन चुरल्यासारखी.

पण खरी मेख भिंतीवर होती. पेटीची वायर आमच्या साध्या १५ अँपिअरच्या प्लगला होती. २३० गुणिले १५, म्हणजे फार तर साडेतीन किलोवॅट. तीन तासांत साडेदहा युनिटपेक्षा जास्त वीज त्या प्लगमधून येऊच शकत नाही. दहा किलो सीओटू फोडायला कमीत कमी २५ लागतात. पेटी उघडायचीही गरज नव्हती. तरी मागून हात घातला तर ब्लोअर हवा आत ओढत होता आणि खालच्या एका नळीतून सगळा सीओटू जसाच्या तसा बाहेर जात होता. आत पीएसएचे दोन टॉवर असणार. ऑक्सिजन खरा होता, फक्त तो आमच्या हवेतला होता. चहा घेऊन मंडळी गेली, परत आली नाहीत.

तुमच्या पार्टीलाही एवढंच करायला लावा. सिलिंडर काट्यावर, वीज वेगळ्या मीटरवर आणि हवेची प्रत्येक वाट बंद. शंभर किलो आत गेला तर २७ किलो काळं आणि ७३ किलो ऑक्सिजन दिसला पाहिजे, आणि मीटर २४८ युनिटच्या खाली असता कामा नये. मीटर त्याहून कमी दाखवत असेल तर यंत्र विकत घेण्यापेक्षा त्याचा फोटो काढून ठेवा.

तुमच्या गॅसचं दुसरं काय करता येईल, ते सांगतो. फर्मेंटरचा सीओटू हा देशातल्या सगळ्यात स्वच्छ सीओटूंपैकी. कोळशाच्या धुरात तो १२ ते १५ टक्के असतो, तुमच्याकडे हवा निघून गेल्यावर ९९ टक्क्यांच्या पुढे. पाण्याचा स्क्रबर, पोटॅशियम परमँगनेट, अॅक्टिव्हेटेड कार्बन, ड्रायर, मग कॉम्प्रेसर, आणि १७ ते २० बारला उणे विसाच्या आसपास द्रव. याला किलोमागे ०.२ युनिटच्या जवळपास वीज लागते. फोडण्याच्या बाराव्या हिश्श्याएवढी. रेणूला हात लावायचा नाही, फक्त गोळा करायचा. वेल्डिंगवाले, सोडावाले, कोल्ड चेनसाठी ड्राय आइसवाले घेतात. युरियाला टनामागे ०.७३ टन सीओटू लागतो, पण खत कारखान्यांकडे अमोनिया बनवतानाचा स्वतःचाच असतो, त्यांच्यावर विसंबू नका.

आणि राखेला आणखी खालची पायरी आहे, हे लोक विसरतात. चुनकळी सीओटू घेऊन चुनखडी होते तेव्हा ४४ ग्रॅम सीओटूमागे १७८ किलोज्यूल उष्णता उलट बाहेर पडते. किल्ल्यांच्या भिंतीतला चुना शेकडो वर्षं हेच करत आलाय. चुनकळी भट्टीत भाजताना तेवढाच सीओटू निघतो म्हणून त्यात निव्वळ फायदा नाही. पण काळ्या कातळातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम न भाजताच हे काम करतं. आइसलंडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने पाण्यात विरघळवलेला सीओटू बेसाल्टमध्ये, म्हणजे अशाच काळ्या कातळात, सोडला, दोन वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त दगड झाला. आपण तर बेसाल्टवरच बसलोय. दख्खनच्या खडकातल्या पोकळ्यांत कॅल्साइटचे स्फटिक सापडतात, ते निसर्गाने केलेलं हेच काम. इथे विहिरीत सीओटू सोडण्याआधी भूजलवाल्यांचं म्हणणं ऐकावं लागेल, ते काम एकट्या कारखान्याचं नव्हे. तरी फोडण्यापेक्षा हा रस्ता उताराचा आहे.

सध्या करायचं ते हे: फर्मेंटर बंद झाकणाचे आहेत का बघा, व्हेंटवर फ्लो मीटर बसवा आणि गॅसची तपासणी करून घ्या. आयएस ३०७ (सीओटूसाठीचं भारतीय मानक) ची यादी समोर ठेवा, त्याशिवाय हायड्रोजन सल्फाइड आणि अॅसेटाल्डिहाइड वेगळे मोजायला सांगा, मळी जुनी असेल तर हेच दोन त्रास देतात. आकडे आले की कॉम्प्रेसर किती टनाचा घ्यायचा ते सांगतो.